म्युनिकचे दप्तर आणि त्याची किल्ली

म्युनिक शहराचे नाव मराठी वाचकाच्या कानावर पडते ते बहुधा दोन प्रसंगांमुळे. पहिला १९३८ सालचा करार. चेंबरलेनसाहेब तेथून शांततेचा कागद घेऊन लंडनला परतले आणि वर्ष पुरते उलटण्याच्या आत युरोप पेटले. दुसरा प्रसंग १९७२ च्या ऑलिंपिकचा. आपल्या हॉकी संघाने तेथे कांस्यपदक मिळवले, आणि त्याच दिवसांत अकरा इस्रायली खेळाडू व मार्गदर्शक दहशतवाद्यांच्या हाती सापडून प्राणांस मुकले. या दोहोंच्या पंक्तीला मी आज तिसरा एक प्रसंग आणून बसवणार आहे. त्यात रक्त सांडले नाही की सिंहासन उलथले नाही. नगरपालिकेच्या कचेऱ्यांतील सुमारे चौदा हजार संगणकांवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम असावी, एवढाच वादाचा विषय. परंतु हा वाद आपल्या बाजूने मिटावा म्हणून मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीचा मुख्याधिकारी स्वित्झर्लंडमधील बर्फावरची सुट्टी अर्धवट टाकून महापौरांच्या दारी आला होता, इतके सांगितले म्हणजे प्रकरण वाटते तेवढे कारकुनी नव्हते हे ध्यानात येईल.

गोष्ट मार्च २००३ ची. मुख्याधिकारी स्टीव्ह बाल्मर आणि महापौर क्रिस्टियान ऊडे. ऊडे हे समाजवादी लोकशाही पक्षाचे, १९९३ पासून त्या खुर्चीवर बसलेले मुरब्बी गृहस्थ. भांडणाचे निमित्त साधे होते. पालिकेच्या संगणकांवर विंडोज एनटी ४ ही प्रणाली चालत असे, आणि तिची देखभाल आता आपण बंद करणार असे कंपनीने जाहीर केले होते. संगणक चालत होते, कारकुनांची तक्रार नव्हती, तरीही नवी प्रणाली विकत घेणे भाग होते. घर आपले, पण कौले कोणत्या साली बदलायची हे कौले विकणारा ठरवणार, असा हा मामला. पालिकेतील काही मंडळींना हे खटकले. त्यांनी लिनक्स या मुक्त प्रणालीचा पर्याय पुढे आणला, तज्ज्ञांकडून तुलना करवून घेतली, आणि बातमी अटलांटिकपलीकडे गेली.

बाल्मर रिकाम्या हाताने आले नव्हते. कंपनीने आपली किंमत टप्प्याटप्प्याने सुमारे एक तृतीयांशाने उतरवली. लिनक्सचा प्रस्ताव त्या उतरलेल्या किमतीपेक्षा महाग होता. असे असूनही २८ मे २००३ रोजी नगरसभेने लिनक्सच्या बाजूने कौल दिला. लोकनियुक्त सभेने स्वस्त माल नाकारून महाग माल घ्यावा, हे आपल्याकडे घडले असते तर दुसऱ्याच दिवशी चौकशी समिती नेमली गेली असती! आणि नगरसेवकांना हिशेब कळत नव्हता असेही नाही. ते वेगळ्याच वस्तूची किंमत मोजत होते.

ती वस्तू कोणती, हे पुढे ऊडे यांनीच एका मुलाखतीत सांगितले. खुद्द बिल गेट्स म्युनिकला आले असता मोटारीत त्यांनी महापौरांना विचारले की हे सारे तुम्ही कशासाठी करता? स्वातंत्र्यासाठी, असे उत्तर मिळाले. स्वातंत्र्य कोणापासून, असा त्यांचा पुढचा प्रश्न. त्यावर ऊडे यांनी शांतपणे सांगितले की तुमच्यापासून. ऊडे हे राजकारणाबाहेर विनोदी लेखक व नकलाकार म्हणूनही प्रसिद्ध आहेत, तेव्हा किश्शाला थोडे मीठमसाला लागला असणे शक्य आहे. परंतु त्यातला मुद्दा खरा आहे, आणि तो समजण्यासाठी म्युनिक क्षणभर बाजूस ठेवून थोडे मागे जावयास हवे.

संगणकाची आज्ञावली दोन रूपांत असते. एक माणसाने लिहिलेली आणि माणसाला वाचता येणारी. तिला सोर्स कोड म्हणतात. दुसरे रूप त्यावरून तयार केलेले, यंत्राला कळणारे आणि माणसाच्या दृष्टीने निव्वळ आकड्यांचा ढीग. वैद्यबुवांची पुडी मिळावी पण तीत कोणत्या मुळ्या कुटल्या आहेत ते कळू नये, तसे हे दुसरे रूप. आज आपण बाजारातून विकत घेतो ते बहुधा हे दुसरे रूप असते. आरंभी असे नव्हते. आय.बी.एम.ची अजस्र यंत्रे घेणाऱ्या ग्राहकांनी १९५५ मध्येच ‘शेअर’ नावाचे मंडळ काढले होते. एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने न्यावी, सुधारावी, परत पाठवावी असा तेथे रिवाज होता. आज्ञावली यंत्राबरोबर मिळत असे, तिची निराळी किंमत नसे. सरकारी खटल्याची चाहूल लागताच आय.बी.एम.ने १९६९ मध्ये यंत्राची किंमत आणि आज्ञावलीची किंमत वेगळी करण्याचे जाहीर केले, आणि सॉफ्टवेअर ही विकाऊ वस्तू झाली.

याच साली अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली लिहावयास घेतली. आज सर्व्हरवर, हातातल्या फोनमध्ये जे चालते त्यातले बरेचसे या घराण्याचे वंशज आहे. हे युनिक्स विद्यापीठांना सोर्स कोडसकट अल्प किमतीत मिळे. ही उदारता कोठून आली? तिचे श्रेय १९५६ सालच्या एका न्यायालयीन हुकुमाला आहे. बेल लॅबोरेटरीजची मालक ए.टी. अँड टी. ही टेलिफोन कंपनी मक्तेदार होती. अमेरिकन सरकारने १९४९ मध्ये तिच्यावर खटला भरला आणि १९५६ मध्ये तडजोड झाली ती अशी की कंपनीने टेलिफोनच्या धंद्याबाहेर पाऊल टाकू नये. सॉफ्टवेअर विकता येत नाही म्हणून ते वाटले गेले. दान नव्हे, निरुपाय!

ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी १९७७ च्या सुमारास युनिक्सचा संपूर्ण सोर्स कोड आणि त्यावरील आपले भाष्य अशी दोन पुस्तके विद्यार्थ्यांसाठी केली. मूळ सूत्रे आणि त्यांवर टीका ही पद्धत आपल्या शास्त्रीमंडळींना अपरिचित वाटू नये. १९७९ साली नव्या आवृत्तीबरोबर परवान्याच्या अटी बदलल्या आणि वर्गात हा कोड शिकवणे निषिद्ध झाले. मग लायन्सच्या भाष्याच्या प्रती, प्रतींच्या प्रती, त्यांच्याही पुसट प्रती जगभरच्या विद्यार्थ्यांत हातोहात फिरू लागल्या. ग्रंथ राजरोस छापला गेला तो १९९६ मध्ये. दरम्यान १९८४ मध्ये टेलिफोन कंपनीचे तुकडे पडले, तिच्यावरील जुनी बंधने उठली, आणि बंधने उठताच युनिक्सचे दार आवळले गेले. सरकारने मक्तेदाराचे हात बांधले तेव्हा विद्या मोकळी झाली आणि हात सोडले तेव्हा ती कोंडली गेली. सॉफ्टवेअरचा राजकारणाशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी हा क्रम जरूर आठवावा.

पुढचा इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक असतो, म्हणून भराभर सांगतो. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त प्रणालीची प्रतिज्ञा केली, आणि १९८९ मध्ये असा परवाना रचला की कोड कोणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. पण पुढच्यालाही तीच मोकळीक द्यावी. प्रतिअधिकाराचा कायदा हे कुलूप. स्टॉलमन यांनी त्याचाच अडसर करून दार उघडे राहील अशी तजवीज केली. या एका युक्तीसाठी मी त्यांचे पुष्कळ हट्ट माफ करीन. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहिले आणि पुढल्या वर्षी ते याच परवान्याखाली आणले. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात काही मंडळींनी स्वातंत्र्याची भाषा व्यापाऱ्यांना बिचकवते म्हणून ‘ओपन सोर्स’ असे सौम्य नाव काढले, आणि चळवळीत आपल्या परिचयाचे जहाल-मवाळ पडले. स्टॉलमन अर्थातच जहाल. सुरतेप्रमाणे येथे खुर्च्या व जोडे फेकले गेले नाहीत, पण अबोला मात्र तितकाच टिकला. बाजारपेठ मवाळांनी जिंकली. मोठमोठ्या कंपन्या, ज्यांत पुढे खुद्द मायक्रोसॉफ्टही आली, ओपन सोर्सच्या आश्रयदात्या झाल्या. जहालांनी विचारलेला प्रश्न मात्र जागच्या जागी राहिला. तो असा की यंत्रावर हुकमत कोणाची?

हा प्रश्न मराठी माणसाला तंत्रज्ञानाच्या भाषेत सांगण्याचे कारण नाही. पुण्याला पेशवे दप्तर आहे. त्यातले कागद शाबूत आहेत, शाई बरीचशी स्पष्ट आहे, आणि तरीही शंभरातील नव्याण्णव मराठी भाषकांना ते मुके आहेत, कारण लिपी मोडी. रियासतकार सरदेसाई यांच्या देखरेखीखाली निवडक कागदांचे ४५ खंड निघाले म्हणून आपल्याला निदान एक झरोका मिळाला. पण मोडी ही कोणाच्या मालकीची नव्हती. चार महिने मेहनत करणाराला ती आजही शिकता येते. आता अशी कल्पना करा की मोडीचे वळण एका सावकाराच्या मालकीचे आहे, ते शिकवण्याचा हक्क त्यालाच आहे, आणि दर पाच वर्षांनी तो वळण किंचित बदलून नव्या वळणाचे शुल्क मागतो. फडणिसीतले कागद वाचावयाचे तर त्याच्याकडे गेलेच पाहिजे. नाना फडणिसांनी असला सावकार किती दिवस चालवून घेतला असता?

हे अतिशयोक्त वाटेल त्यांनी आपल्याच घरात पाहावे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या टंकांत जुळवला जाई त्यांत प्रत्येक टंक बनवणाऱ्याची अक्षरांची मांडणी निराळी असे. तो टंक संगणकावर नसला की ज्ञानेश्वरीवरील लेखाच्या जागी इंग्रजी चिन्हांचा आणि उद्गारवाचकांचा चिवडा दिसे. माझ्या स्वतःच्या अशा काही जुन्या फायली आहेत. त्या मी लिहिल्या, माझ्याच कपाटात आहेत, आणि मला वाचता येत नाहीत. युनिकोडमुळे अक्षरांना सर्वांचे असे क्रमांक मिळाले, आणि २००४ मध्ये रेड हॅटने लोहित हे टंक मुक्त परवान्याखाली वाटले तेव्हा देवनागरी वाचण्यासाठी कोणाची परवानगी लागेनाशी झाली. म्युनिकच्या नगरसेवकांना आपल्या पत्रांचे, नोंदींचे, जन्ममृत्यूच्या दाखल्यांचे असे होऊ द्यावयाचे नव्हते.

आता पुन्हा म्युनिककडे वळू. ठराव करणे सोपे होते. अंमलबजावणीस दहा वर्षे लागली. २००४ च्या उन्हाळ्यात काम काही काळ थांबले. युरोपात सॉफ्टवेअरवर पेटंट देण्याचा कायदा येऊ घातला होता आणि लिनक्स वापरल्याबद्दल पालिकेवरच दावे लागतील की काय अशी शंका हरित पक्षाच्या एका नगरसेवकाने काढली. शंका विरोधासाठी नव्हती. पेटंटचा कायदा किती घातक आहे हे दाखवण्यासाठी होती. परंतु वर्तमानपत्रांनी ‘म्युनिक डगमगले’ असाच अर्थ लावला. तो कायदा युरोपीय संसदेने जुलै २००५ मध्ये प्रचंड बहुमताने फेटाळला. पहिले संगणक लिनक्सवर गेले ते २००६ मध्ये.

खरी लढाई मात्र कागदाच्या नमुन्यांशी होती. पालिकेची वीसहून अधिक खाती, प्रत्येकाचे संगणकाचे वेगळे पथक, प्रत्येकाने आपल्या सोयीने वर्षानुवर्षे रचलेले हजारो नमुने आणि अर्ज. एकाच शहराच्या दोन खात्यांची पत्रशीर्षे जुळत नसत. लिनक्सकडे जावयाचे म्हणून हे सारे प्रथमच कोणी मोजले. त्यासाठी पालिकेच्या लोकांनी ‘वोल्मुक्स’ नावाची आज्ञावली स्वतः लिहिली, आणि २००८ मध्ये ती जगाला खुली करून दिली. एक नगरपालिका स्वतःचे अवजार घडवते आणि शेजारच्या गावाला फुकट देते, हा या साऱ्या कथेतला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. कौन्सिल हॉलमधील भाषणांपेक्षा त्या अनामिक कारकुनी अवजारात स्वातंत्र्य अधिक होते.

२०१३ च्या अखेरीस चौदा हजारांहून अधिक संगणक लिनक्सवर आले आणि काम पुरे झाल्याची घोषणा झाली. पैशाचे काय झाले? पालिकेने हिशेब मांडला की एक कोटी युरोंहून अधिक वाचले. मायक्रोसॉफ्टच्या सांगण्यावरून एच.पी.ने दुसरा हिशेब मांडला की चार कोटींहून अधिक जास्त खर्च झाला. दोन्ही हिशेब ज्याच्या त्याच्या घरचे. यजमानाने आणि वऱ्हाडाने मांडलेला लग्नाचा खर्च कधी जुळला आहे काय? नगरसभेने २००३ मध्येच महाग प्रस्ताव पत्करला होता हे विसरून पुढे मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्तेही ‘बचत, बचत’ असा घोष करू लागले, ही माझ्या मते त्यांची चूक झाली. बचतीच्या नावाने आणलेली गोष्ट खर्चाच्या नावाने घालवता येते.

तसेच घडले. २०१४ मध्ये ऊडे निवृत्त झाले आणि त्यांच्याच पक्षाचे डीटर रायटर महापौर झाले. आपण मायक्रोसॉफ्टचे चाहते आहोत हे त्यांनी लपवले नाही. त्याआधी ते पालिकेच्या श्रम व अर्थव्यवस्था खात्याचे प्रमुख असताना मायक्रोसॉफ्टचे जर्मनीतील मुख्यालय शेजारच्या गावातून म्युनिक शहरात हलवण्याचे ठरले. ते २०१६ मध्ये उघडले. या स्थलांतराचा आणि पुढील निर्णयाचा संबंध नाही असे दोन्ही पक्षांनी सांगितले, आणि संबंध होता याचा पुरावा कोणी दिलेला नाही. लोक कुजबुजले इतके मात्र खरे. मग उपमहापौरांच्या तक्रारी सुरू झाल्या, कर्मचाऱ्यांची कुरकुर वर्तमानपत्रांत येऊ लागली, आणि ॲक्सेंचरला अहवाल सांगण्यात आला. या ॲक्सेंचरची मायक्रोसॉफ्टबरोबर २००० सालापासून एक संयुक्त कंपनी आहे. तरीसुद्धा अहवालात आले ते हेच की अडचणींचे मूळ बहुतांशी कारभाराच्या रचनेत आहे. खाती एकमेकांचे ऐकत नाहीत, जुन्या आवृत्त्या बदलल्या जात नाहीत, जबाबदारी कोणाची हे कोणासच ठाऊक नाही. छपाईयंत्र रुसले तरी शिव्या लिनक्सला बसत. तक्रारी खोट्या होत्या असे मात्र म्हणता येणार नाही. बाहेरच्या जगातून येणारी वर्डची पत्रे लिनक्सवर उघडली की तक्ते सरकत, ओळी तुटत, आणि ज्या बाईंना संध्याकाळी पाचच्या आत अर्ज निकाली काढावयाचा असतो त्यांना जागतिक मक्तेदारीवरील व्याख्यान ऐकवून भागत नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये नगरसभेने परत फिरण्याची दिशा ठरवली आणि नोव्हेंबरात विंडोजकडे जाण्याचा पक्का ठराव केला. त्यासाठी सुमारे पाच कोटी युरो मंजूर झाले. बाजूने समाजवादी आणि ख्रिस्ती सामाजिक पक्ष हे एरवीचे प्रतिस्पर्धी. विरोधात हरित व काही छोटे पक्ष. त्यानंतर तीनच वर्षांनी, मे २०२० मध्ये, हरित आणि समाजवादी यांची पालिकेत युती झाली, आणि तिच्या करारनाम्यात लिहिले गेले की जेथे शक्य तेथे ओपन सोर्स वापरावे आणि सरकारी पैशाने लिहिलेला कोड जनतेला खुला असावा. महापौर तेच, रायटर! मतपेटीने दिले, मतपेटीने नेले, मतपेटीने अर्धे परत दिले. केरळात याच्या उलट चित्र दिसते. २००१ मध्ये शाळांतील संगणक-शिक्षणाचा उपक्रम सुरू झाला, काही वर्षांत तो संपूर्ण मुक्त सॉफ्टवेअरवर आला, आणि आघाड्या पाळीपाळीने सत्तेवर येऊनही तो मोडला नाही. म्युनिकने कारकुनांपासून आरंभ केला, केरळने मुलांपासून आणि शिक्षकांपासून. सवय लागण्यापूर्वी आरंभ केलेला बरा, असे यावरून वाटते. पण दोन्हींची तुलना फार ताणू नये. शाळेची वही आणि पालिकेचे दप्तर यांत अंतर आहे.

म्युनिकच्या वेळी ‘स्वातंत्र्य कोणापासून’ हा प्रश्न मुख्यतः दराचा होता. विक्रेता किंमत वाढवील, जुने बंद करील, इतकीच भीती. तो विक्रेता कोणा एका राष्ट्राचा नागरिक आहे आणि त्या राष्ट्राचे हुकूम त्याला पाळावे लागतात, ही गोष्ट लोकांच्या लक्षात आली ती नंतर. अमेरिकेने २०१८ मध्ये कायदा करून आपल्या कंपन्यांना परदेशी साठवलेली माहितीही मागितल्यास हजर करण्यास बांधले. जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेटपुढे शपथेवर मायक्रोसॉफ्टच्या फ्रान्समधील अधिकाऱ्यास विचारण्यात आले की फ्रेंच सरकारच्या संमतीशिवाय फ्रेंच माहिती अमेरिकेच्या हाती जाणार नाही याची हमी देता काय. देता येत नाही, असे त्याने सरळ सांगितले. त्याच वर्षी मे महिन्यात, हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या मुख्य अभियोक्त्यावर अमेरिकेने निर्बंध घातल्यानंतर त्याचे ई-मेल खाते बंद पडल्याचे वृत्त आले. न्यायालयाची सेवा आपण कधीच थांबवली नाही, असे कंपनीचे म्हणणे आहे.

आणि मग हा प्रश्न मुंबईत येऊन दाखल झाला. नायरा एनर्जी ही तेलकंपनी. मुख्य कचेरी मुंबईत, शुद्धीकरणाचा कारखाना गुजरातेत वाडिनारला, आणि सुमारे निम्मे भांडवल रशियाच्या रॉसनेफ्टचे. युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ रोजी तिच्यावर निर्बंध घातले, आणि चार दिवसांत तिच्या कर्मचाऱ्यांची ई-मेल आणि इतर मायक्रोसॉफ्ट सेवा बंद झाल्या. भारताने निर्बंध घातले नव्हते, सेवेचे पैसे दिलेले होते, माहिती कंपनीची स्वतःची होती. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. रशियाच्या तेलाविषयी ज्याचे जे मत असेल ते असो. मला त्यात एवढेच दिसते की ब्रुसेल्समध्ये सही झाली आणि मुंबईतल्या टेबलावरचा पत्रव्यवहार थांबला. आपल्या केंद्र सरकारने सरकारी कामात ओपन सोर्सला अग्रक्रम देण्याचे धोरण २०१५ मध्येच जाहीर केलेले आहे. धोरणाचा कागद उत्तम आहे. पण धोरण आणि वोल्मुक्स यांच्यामध्ये जी दहा वर्षांची कारकुनी मेहनत लागते, तिची तरतूद घोषणेत नसते.

मुक्त सॉफ्टवेअरचे भक्त येथे टाळ्या वाजवू लागतील, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची देखभाल करणाऱ्यांच्या यादीतून दहा-बारा जणांची नावे अचानक काढण्यात आली. ते रशियाशी संबंधित होते आणि कारण पुन्हा निर्बंधांचेच. वर्षानुवर्षे फुकट राबलेल्या माणसांना निरोपाचा शब्दही मिळाला नाही. टोरवाल्ड्स यांनी वर आपण फिनलंडचे आहोत, रशियाचा इतिहास आपल्याला शिकवू नका, अशा अर्थाचे सुनावले. जगाचे सामाईक म्हणून जे मिरवत होते त्याच्याही उंबरठ्यावर अमेरिकन कायद्याचा शिपाई उभा आहे, हे त्या दिवशी दिसले. ते वर्तन मला अशोभनीय वाटले. तथापि दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. यादीतून नाव गेलेल्या रशियन माणसाच्या घरातला लिनक्स दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे सुरू झाला. त्याच्याजवळचा कोड त्याला वाचता येत होता, बदलता येत होता, नवे घराणे काढावयाचे तर तेही काढता येत होते. मुंबईच्या कचेरीत मात्र वकील गाठावा लागला.

जर्मनीत ही कथा आता उत्तरेकडे सरकली आहे. श्लेस्विग-होल्श्टाईन या राज्याच्या मंत्रिमंडळाने एप्रिल २०२४ मध्ये ठरवले की सुमारे तीस हजार सरकारी संगणकांवरील मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढून लिब्रेऑफिस आणावे. नंतर ई-मेलही बदलली. ऑक्टोबर २०२५ पर्यंत चाळीस हजारांहून अधिक टपालपेट्या मुक्त प्रणालीवर गेल्या. गंमत अशी की म्युनिकमध्ये ज्या पुराणमतवादी पक्षाने लिनक्सला विरोध केला, त्याच्याच बहीणपक्षाचे सरकार येथे हा बदल घडवत आहे, आणि भाषा मात्र ऊडे यांचीच बोलत आहे. बदल सुरू होताच न्यायालयांतून आणि पोलिसांतून तक्रारी आल्या की पत्रे उशिरा पोचतात, काम अडते. संबंधित मंत्र्याने कर्मचाऱ्यांना पत्र लिहून झालेल्या त्रासाची दिलगिरी व्यक्त केली आणि काम चालू ठेवले.